मांजरानं माणसाची गोळी गिळली तर काय करायचं, आणि हे पुन्हा पुन्हा का होतं

तुमच्या मांजरानं आत्ता, थोड्या वेळापूर्वी गोळी गिळली असेल तर आधी एवढंच वाचा. बाकीचं नंतर.

तोंडात काही शिल्लक दिसत असेल तर काढा. मांजराला एका खोलीत बंद करा, नाहीतर ऐन वेळी कपाटामागे जाऊन बसेल. गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. दूध, तूप, मिठाचं पाणी, काहीही पाजू नका. उलटी करवायचा प्रयत्न करू नका. मांजर अगदी ठणठणीत दिसत असलं तरी थांबू नका. फोन लागत नसेल तर लावत बसण्यापेक्षा सरळ निघा.

आता सविस्तर.

आमच्या घरी हे दोनदा झालंय. पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा अठ्ठ्याहत्तरचे होते आणि आमची ठकी चार वर्षांची, वजन ३.६ किलो. रात्री पावणेअकराला मी पाणी प्यायला उठले तर ठकी स्वयंपाकघराच्या दारात बसून तोंडातून पांढरा फेस काढत होती. शेजारी फरशीवर ओली, चघळलेली अर्धी गोळी. पॅरासिटामॉल ६५०. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जेवताना एक पडली होती खरी. मला वाटलं टेबलाखाली असेल, सकाळी झाडताना सापडेल."

मी जे केलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. मी तिचं तोंड पुसलं, फेस थांबला, ती उठून आपल्या ताटलीतलं खायला गेली, आणि मला हायसं वाटलं. गोळी कडू लागली म्हणून फेस आला, संपलं, असं मी ठरवून टाकलं. वीस मिनिटं अशीच गेली. मग काय वाटलं कोण जाणे, आमच्या डॉक्टरांना मेसेज टाकला. त्यांचा लगेच फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, "निघा. बोलू गाडीत."

ती वीस मिनिटं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. मांजराच्या बाबतीत "जरा थांबून बघू" हे वाक्यच घातक आहे, कारण दिसायला लागतं तेव्हा विष पोटातून रक्तात पोचलेलं असतं. उलटी करवून गोळी बाहेर काढता येते ती साधारण पहिल्या तासा-दोन तासांत. हा वेळ मांजर मजेत असतं तेव्हाच हातात असतो.

पॅरासिटामॉलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे घराघरांत असणारं आणि मांजराला सर्वांत लवकर मारणारं औषध तेच आहे. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण कॉम्बिफ्लॅममध्ये ते आयबुप्रोफेनसोबत असतं, सॅरिडॉनमध्ये असतं, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये असतं, आणि सांधेदुखीच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'पी' किंवा 'प्लस' लावलेलं असतं त्यांतल्या कितीतरींमध्येही असतं. म्हणून पाकिटाच्या पुढचं मोठं नाव वाचून भागत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा.

माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा बराचसा भाग एका विशिष्ट रासायनिक क्रियेनं निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्या क्रियेसाठी लागणारं विकर (एन्झाइम) जवळजवळ नसतंच. ते तयार करणारं जनुक मांजरकुळात फार पूर्वीच निकामी झालेलं आहे. वनस्पती न खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषं पचवायची यंत्रणा लागली नाही, म्हणून ती टिकली नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. मग औषधाचा बराच भाग दुसऱ्या वाटेनं जातो आणि तिथे त्याचं घातक द्रव्य तयार होतं. कुत्र्यात ते मुख्यतः यकृत खातं. मांजरात आधी रक्तावर हल्ला होतो, कारण मांजराचं हिमोग्लोबिन अशा माऱ्यापुढे मुळातच नाजूक असतं. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या आधी फिक्या, मग मातकट तपकिरी किंवा निळसर होतात. श्वास वाढतो. चेहरा आणि पंजे सुजतात. लघवी गडद, चहाच्या रंगाची येते. हे सगळं एक ते चार तासांत सुरू होऊ शकतं.

मात्रेचा हिशोब एकदा करून बघा. साठ किलोच्या माणसानं ५००ची एक गोळी घेतली तर किलोमागे ८ मिलिग्रॅम झालं. चार किलोच्या मांजराच्या पोटात तीच अख्खी गोळी गेली तर किलोमागे १२५. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही विषबाधा झालेली आहे. म्हणजे चार किलोच्या मांजराला ४० मिलिग्रॅम, ५००च्या गोळीचा बारावा तुकडा. लहान मुलांच्या सिरपमध्ये, ज्यावर पाच मिलीला १२० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, एवढं औषध पाऊण नाही, अर्धा नाही, चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं. ठकीनं अर्धी गोळी खाल्ली होती, किलोमागे ९० मिलिग्रॅम.

यावर उतारा आहे, आणि तो माणसांच्या दवाखान्यात सर्रास वापरला जातो: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. अडचण एवढीच की मांजर-कुत्र्यांच्या प्रत्येक छोट्या क्लिनिकमध्ये ते रात्री अकरा वाजता असेलच असं नाही. म्हणून पॅरासिटामॉलची शंका असेल तर फोनवरच विचारा, "डॉक्टर, अ‍ॅसिटिलसिस्टीनचं इंजेक्शन आहे का? नसेल तर चिठ्ठी पाठवा, येताना घेऊन येतो." मोठ्या हॉस्पिटलच्या खालचं मेडिकल रात्रभर उघडं असतं आणि तिथे ते मिळतं, कारण पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या माणसांनाही तेच देतात. आमच्या वेळी माझा भाऊ स्कूटरवर ते आणायला गेला आणि मी ठकीला घेऊन क्लिनिकला. दोघं पाच मिनिटांच्या फरकानं पोचलो. घरी स्वतःच्या मनानं मात्र हे औषध द्यायचं नाही. पहिला डोस मोठा असतो, मग दर सहा तासांनी लहान डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि ते शिरेतून द्यायचं तर पातळ करून, सावकाश.

ठकीला उलटीचं इंजेक्शन दिलं, थोडं बाहेर आलं. एक वाजता हिरड्या पाहिल्या तेव्हा रंग मातीसारखा झाला होता. ऑक्सिजन लावला. दोन रात्री ती तिथेच होती, तिसऱ्या दिवशी घरी आली.

घरी उलटी का करवायची नाही

दर वेळी हा प्रश्न येतो, आणि दर वेळी कुणीतरी सांगतं की मिठाचं पाणी पाजा. कृपा करून नको. मिठाच्या पाण्यानं मांजराच्या रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की झटके येतात. मग तुमच्यापुढे दोन विषबाधा असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड कुत्र्यांसाठी काही ठिकाणी सुचवलं जातं, मांजराच्या जठराला मात्र ते भाजून काढतं, रक्ताची उलटी होऊ शकते. बोट घालून तर मांजराला उलटी होतच नाही, बोट मात्र फुटतं.

डॉक्टरांकडे यासाठी वेगळी इंजेक्शनं असतात, झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिन. गावाकडच्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. झायलाझिन हे गाई-म्हशींना गुंगी द्यायचं औषध आहे, त्यामुळे तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही ते असण्याची शक्यता चांगली असते. तिथले डॉक्टर दिवसभर जनावरंच बघतात म्हणून "मांजराचं काय विचारायचं" असा संकोच करू नका. औषधाचं नाव आणि मांजराचं वजन नीट सांगितलंत तर मात्रा ते काढतात.

दुधाबद्दल. विष मारायला दूध, ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे, आणि ती मांजराच्या बाबतीत तर लगेच सुचते, कारण मांजर म्हणजे दूध. दुधानं कुठल्याही गोळीचं विष उतरत नाही. वर मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात, आणि मग जुलाब गोळीमुळे की दुधामुळे हे डॉक्टरांनाही कळत नाही. तूप किंवा तेल जबरदस्तीनं पाजलं की ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. शिवाय काही औषधं, उदाहरणार्थ ड जीवनसत्त्व, तेलातुपाबरोबर जास्त भराभर शोषली जातात. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल डॉक्टर देतात, घरच्या कोळशाची पूड नव्हे, आणि सिगरेट-शेगडीची राख तर मुळीच नव्हे.

खरंच गिळली का, हे कसं ओळखायचं

बरेचदा डोळ्यांदेखत झालेलं नसतं. पाकिटाला दात लागलेले दिसतात, गोळी हरवलेली असते, मांजर खिडकीत बसून पाय चाटत असतं.

आधी मोजणी. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजा, आज किती घेतल्या हे घरच्यांना विचारा. सोफ्याखाली, फ्रिजखाली टॉर्च मारून बघा. मांजरं गोळी खाण्यापेक्षा तिच्याशी खेळतात जास्त, पंजानं सरकवत नेतात, त्यामुळे ती भलत्याच खोलीत सापडू शकते. पण हे शोधकाम पाच मिनिटांचं, तेही दुसऱ्या कुणी करायचं. सापडली नाही तर गिळली असं धरूनच चालायचं. फोनवर डॉक्टरांना कमीत कमी नव्हे, जास्तीत जास्त आकडा सांगा. दोन गोळ्या गेल्या असतील की तीन, अशी शंका असेल तर तीन सांगा.

घरात दोन-तीन मांजरं असतील आणि कोणी खाल्ली ते कळत नसेल तर सगळ्यांनी खाल्ली असं समजा, वेगवेगळं बंद करा आणि सगळ्यांना न्या. रिक्षात तीन मांजरं म्हणजे तारांबळ आहे खरी. पेटी नसेल तर उशीचा जाड अभ्रा चालतो, तोंड सैल बांधून.

तोंडातून फेस आला म्हणजे विष चढलं असं नाही, आणि फेस थांबला म्हणजे उतरलं असंही नाही. कडू चवीनं मांजराला भरपूर लाळ सुटते. फेसाचा खरा अर्थ एवढाच की औषध जिभेला लागलं आहे. उलट साखरेचं कोटिंग असलेल्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या किंवा जीवनसत्त्वांच्या मऊ कॅप्सूल मांजर फेस न काढता, आवडीनं खातं. नैराश्यावरच्या व्हेनलाफॅक्सिनच्या कॅप्सूल तर मांजरांना विलक्षण आवडतात. हे जगभरच्या पशुवैद्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. त्या खाल्ल्या की मांजराच्या डोळ्यांच्या बाहुल्या ताटलीएवढ्या मोठ्या होतात, धाप लागते, छाती धडधडते, मांजर सैरभैर फिरतं. घरात ते औषध कुणी घेत असेल तर पाकीट कुलपात ठेवा, उघड्यावर एक तासही नको.

हिरड्या बघायची सवय आजच लावून घ्या. वरचा ओठ हळूच उचलला की दिसतात. एरवीच्या दिवशी, उजेडात, मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे अडचणीच्या वेळी तुलना करता येईल. काळ्या मांजरांच्या हिरड्यांवर मुळातच काळे डाग असतात, त्यांची जीभ बघा. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. स्वस्थ बसलेलं मांजर ४०च्या वर जात असेल किंवा तोंड उघडून धापा टाकत असेल तर पुढचं वाचू नका, निघा.

कोणती गोळी, काय धोका

दुखण्यावरच्या गोळ्या सगळ्यांत वरती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या सगळ्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. पहिल्या दिवशी उलट्या, भूक नाही. मग काळी, डांबरासारखी शी. दोन-तीन दिवसांत लघवी फार वाढते किंवा बंद होते. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच औषध ज्यानं आपली गिधाडं संपवली, आणि ज्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली. या गोळ्यांसाठी दोन-तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागतं. "आता तर खेळतेय, सलाईन कशाला" असं म्हणून मांजर लवकर घरी नेऊ नका, मूत्रपिंडांचं नुकसान रक्तात दिसायला वेळ लागतो.

मेलॉक्सिकॅमचा घोळ वेगळाच आहे. हे औषध मांजरांनाही दिलं जातं, त्यामुळे चिठ्ठीवर ते नाव बघून माणसांची गोळी आणणारे लोक मी पाहिलेत. मांजराची मात्रा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे चार किलोला ०.२. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ची. छोटी गोळीसुद्धा सदतीस पट होते. चिठ्ठीवरचं नाव सारखं आहे म्हणजे चालेल असं मेडिकलवाल्यानं सांगितलं, हे कारण मांजराच्या मूत्रपिंडांना कळत नाही.

अ‍ॅस्पिरिन आजी-आजोबांच्या डब्यात असतंच, ७५ची छोटी गोळी. मांजराच्या शरीरातून ते इतकं सावकाश जातं की पशुवैद्य स्वतः देतात तेव्हासुद्धा दोन-तीन दिवसांतून एकदाच देतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय, कारण "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून कुणी फोनही करत नाही. आपल्याकडे आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी घरोघर आहे. त्यात दीड मिलिग्रॅम ड३ असतं. चार किलोच्या मांजराला ते किलोमागे ०.३७ मिलिग्रॅम होतं, आणि ०.१च्या पुढेच धोका सुरू होतो. रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं, मूत्रपिंडांत साठतं. एक-दोन दिवस काहीच दिसत नाही, मग मांजर खाणं सोडतं, खूप पाणी पितं, उलट्या करतं. तोपर्यंत उशीर झालेला असतो. एक कॅप्सूलही हरवली तर त्याच दिवशी दाखवा आणि पुढचे काही दिवस कॅल्शियम तपासत राहा.

हातापायांच्या मुंग्यांसाठी मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या देतात, त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांमध्ये अल्फा लायपोइक अ‍ॅसिड मिसळलेलं असतं, बहुधा १०० मिलिग्रॅम. माणसांसाठी निरुपद्रवी पूरक. मांजर त्याला कुत्र्याच्या दहा पट संवेदनशील आहे आणि किलोमागे ३० मिलिग्रॅमला यकृत व मेंदूवर परिणाम दिसलेले आहेत. एक गोळी त्या मर्यादेच्या अगदी जवळ पोचते.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं सोपं उदाहरण म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन. मांजरांच्या रक्तदाबावरही हेच देतात, पण अख्ख्या मांजराला ०.६२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून. माणसाची ५ची गोळी त्याच्या आठ पट. मांजर ढिलं पडतं, थंड पडतं, चालताना कोलमडतं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांनी काही मांजरं झोपत नाहीत, उलट बेभान होतात, तेव्हा "झोपली नाही म्हणजे गिळली नसावी" असा निष्कर्ष काढू नका.

मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असेल तर साखर एकाएकी उतरू शकते, कधीकधी कित्येक तासांनी. आमच्याकडे दुसऱ्या वेळी ठकीनं गिळली ती हीच गोळी. अडखळत चालणं, मान कापणं, झटके दिसले तर डॉक्टरांना फोनवर विचारून मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांवर चोळता येतं, घशात ओतायचं नाही, आणि ते चोळत चोळत दवाखान्याकडे निघायचं. ठकीला झटके आले नाहीत, पण चोवीस तास दर दोन तासांनी तिची साखर तपासली गेली.

थायरॉइडची एखादी गोळी, पित्ताची गोळी, प्रतिजैविकाची एखादी कॅप्सूल यांवर डॉक्टर बहुधा "घरी लक्ष ठेवा" म्हणतील. ते त्यांनीच म्हणायला हवं, आपण नाही. प्रतिजैविकांत एक सांगण्यासारखं: डॉक्सिसायक्लिनची गोळी मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी अडकली तर तिथे जखम होऊन नळी आक्रसते आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मांजर घास गिळता गिळता ओकायला लागतं. गिळल्याचं कळलं तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ज्या गोळ्या नाहीत त्या. केस उगवण्यासाठी डोक्याला लावतात ते मिनॉक्सिडिल मांजराला जीवघेणं आहे, रात्री उशीला लागलेलं चाटलं तरी. दुखऱ्या गुडघ्याला लावलेलं डायक्लोफेनॅकचं जेल आणि मांडीवर येऊन बसणारं मांजर ही जोडी तर प्रत्येक घरात दिसते. बामांमध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचंच भावंड. खरजेवरचं परमेथ्रिन क्रीम मांजराच्या अंगाला लागलं तर थरथर आणि झटके येतात. औषध अंगावर सांडलं असेल तर ते आधी कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या सौम्य साबणानं धुवा, कारण मांजर दहा मिनिटांत ते चाटून पोटात घेणारच आहे.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

वजन, वय, औषधाचं पूर्ण नाव आणि मिलिग्रॅम, जास्तीत जास्त किती, किती वाजता, आत्ता कसं दिसतंय, आधीपासून मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे का. वजन माहीत नसेल तर मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. पाकीट सोबत न्या, फोटोवर विसंबू नका. उलटी झाली असेल तर ती डबीत भरून न्या, किळस करू नका.

रात्री कोण घेतं, हे दिवसाउजेडी फोन करून विचारून ठेवा. माझ्या दोन नंबरांपैकी एक रात्री बंद असतो हे मला ऐन वेळी कळलं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४ साली सुरू झालं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडलेले दवाखाने आहेत. अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एएसपीसीएचं प्राणी विषबाधा केंद्र ८८८-४२६-४४३५ वर, आणि ब्रिटनमध्ये अ‍ॅनिमल पॉयझनलाइन ०१२०२ ५०९००० वर चोवीस तास बोलतात. दोन्हीकडे पैसे पडतात, पण त्यांनी दिलेला सल्ला तुमच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

जेव्हा गोळी मांजरानं घेतलेली नसते, आपण दिलेली असते

हे लिहिताना हात जड होतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वाड्यातल्या भाटीला, म्हणजे मांजरीला, रोज खायला घालायच्या. एका पावसाळ्यात ती तापानं फणफणली. रविवार होता, दवाखाने बंद. काकूंनी नातवाच्या तापाचं सिरप एक चमचा दिलं. माणसाच्या बाळाला चालतं ते हिला का नाही चालणार? दुपारी मी गेले तेव्हा भाटीचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. संध्याकाळी गेली. काकूंना मी खरं काय झालं ते सांगितलं नाही, आणि अजून मला कळत नाही की सांगायला हवं होतं का. पण तुम्हाला सांगते. तापलेल्या मांजराला ओल्या फडक्यानं पंजे पुसा, पाणी जवळ ठेवा आणि सोमवारची वाट न बघता डॉक्टर शोधा. घरातली एकही तापाची गोळी, पाव नाही, चिमूट नाही. मेडिकलमध्ये "मांजराला ताप आहे, काय देऊ" हा प्रश्नच विचारू नका. समोरचा भला माणूस असतो, मदत करावीशी वाटते, आणि तो माणसांचं औषध काढून देतो.

हे पुन्हा का झालं

पहिल्या वेळेनंतर आम्ही सगळं केलं असं मला वाटत होतं. गोळ्यांचा डबा कपाटात, कपाटाला खिटी. आठ महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती: बाबा गोळ्या कशा घेतात ते शेजारी बसून बघितलं.

रात्रीचं जेवण होत आलं की बाबा सहा गोळ्या पाकिटांतून काढून वाटीत ठेवतात. कपाट, खिटी, डबा सगळं व्यवस्थित. पण बोटं थरथरतात, पाकिटाची चंदेरी पाठ अंगठ्यानं फोडताना गोळी उडते, आणि टाइल्सवर 'टिक्' आवाज होतो. हा आवाज ऐकला की ठकी कुठेही असली तरी येते. बाबांना कमी ऐकू येतं, त्यांना तो आवाज येतच नाही. गोळी पडल्याचं त्यांना कळतं ते वाटीत पाचच दिसल्या तर, आणि तोवर ते बोलण्यात रमलेले असतात. म्हणजे औषध ठेवायची जागा आम्ही बदलली होती, घ्यायची पद्धत तशीच होती. ज्यांच्याकडे हे पुन्हा पुन्हा होतंय त्यांनी कुलूप बदलण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बसून बघावं. कुणाच्या पर्समध्ये चार सुट्या गोळ्या असतात, कुणी उशाशी पाण्याच्या ग्लासाजवळ रात्रीची गोळी काढून ठेवतं, कुणी पाकीट कात्रीनं कापून सुट्या चौकोनांनी ठेवतं आणि मांजराला खेळायला तेच हवं असतं. पाहुणे आले की त्यांची पिशवी जमिनीवर असते.

आता बाबा गोळ्या काढतात त्या काठ असलेल्या मोठ्या ताटात, ताटात जाड पंचा दुमडून घातलेला. पंच्यावर पडलेली गोळी उडत नाही, घरंगळत नाही आणि आवाज करत नाही. ठकी त्या दहा मिनिटांपुरती आतल्या खोलीत, दार लावून. आणि गोळ्या संपल्या की बाबा स्वयंपाकघरात मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "सहा काढल्या, सहा घेतल्या. सोड तिला."